लहरी माणसाचा मुलगा

“काकांना आज नको विचारूस. ते जरा लहरी आहेत,” असं वरच्या मजल्यावरची भाडेकरू आसावरी जिन्यात नवऱ्याला म्हणाली, तेव्हा गिरीराजराव जिन्याखाली उकिडवे बसून जमिनीतल्या टाकीत काठी बुडवत होते. पाणी किती उरलंय ते रोज सकाळी असं बघायची त्यांची पद्धत होती. “लहरी म्हणजे?” शुभंकर बुटाची नाडी बांधत असावा, कारण त्याचा आवाज वाकलेल्या माणसाचा येत होता. “लहरी म्हणजे अनप्रेडिक्टेबल रे. परवा मी त्यांना ऑफिसचं काहीतरी सांगत होते, तर वाक्य अर्ध्यावर असताना उठून चालते झाले. पावसाळ्यात एकदा म्हणाले, जिन्यातली छत्री काढ; आणि थोड्या दिवसांनी स्वतःच माझी छत्री उघडून तिथं वाळत ठेवली. संध्याकाळी बघितलंयस ना, बंद स्कूटरवर एकटेच बसलेले असतात? गोड आहेत, पण मूड बघून विचारायला हवं.” मग दोघं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. घरातल्याच माणसाबद्दल हसावं तसं ते होतं. दोघं भराभर जिना उतरून फाटकाबाहेर गेली. जिन्याखाली कोणी आहे हे त्यांना दिसलंच नाही. गच्चीवर मोगऱ्याच्या कुंड्या ठेवू का, एवढंच विचारायचं होतं त्यांना, हे गिरीराजरावांना बायकोकडून, अंबुजाकडून, आधीच कळलं होतं, आणि हो म्हणायचं हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. काठी मात्र हातात तशीच पाण्यात उभी राहिली.

लहरी! त्यांना लोक आजवर पुष्कळ काही म्हणाले होते. कारखान्यातली माणसं पाठीमागं ‘टाइमटेबल’ म्हणायची. सरकारी यंत्र-कारखान्याच्या नियोजन खात्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती; कोणता सुटा भाग कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर चढायचा हे ते महिने महिने आधी सांगत, आणि तो त्याच दिवशी चढे. घरातही तसंच. कॉफीचा पेला एकाच कट्ट्यावर, गुरुवारी मठ, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी फळं आणि औषधं घेऊन आनेकलला वडिलांकडं, अप्पांकडं. राजाजीनगरातल्या त्या गल्लीत शेजारचे कन्नड लोक मुलांना शाळेत सोडायला निघताना गिरीराज अण्णा फाटकाशी आले का ते बघत. असं आयुष्य आपोआप होत नाही. ते बांधावं लागतं, आणि त्यांनी ते एका शब्दाच्या भीतीनं बांधलं होतं. तोच शब्द आता वरच्या मजल्यावरून, पुण्याच्या पोरीच्या तोंडून, सुंठवड्यासारखा हलक्या हातानं वाटला गेला होता.

स्वयंपाकघरात अंबुजा डबा भरत होती. “अंबुजा,” त्यांनी दारातूनच विचारलं, “लहरी म्हणजे काय?”

“लहरी म्हणजे मामंजी,” ती मागं न बघता म्हणाली. मग वळली. “का, काय केलं त्यांनी आता?”

“काही नाही. शब्दाचा अर्थ विचारला.”

“हाच अर्थ,” ती म्हणाली आणि डब्याची कडी लावली. “स्वेटर घाला, थंडी आहे.”

कारखान्याची बस चौकात यायची. डिसेंबरातलं कोवळं ऊन रस्त्यावर पसरलं होतं, इडलीच्या दुकानातून वाफ येत होती, आणि गिरीराजराव नेहमीच्या विजेच्या खांबाशी उभे राहून आसावरीच्या एकेक आरोपाला मनात उत्तर देत होते. ती बोलत असताना आपण उठलो, खरं आहे. पण त्याच क्षणी रस्त्यावर वॉल्व्ह फिरवल्याचा आवाज आला होता. पाणी दिवसाआड येतं आणि ज्याच्या टाकीचा नळ आधी उघडा त्याच्या घरात ते आधी शिरतं, हे पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेल्या पोरीला कोण सांगणार? आपण सांगायला हवं होतं. छत्रीचंही तसंच. जिन्याला टेकलेल्या कागदी फुलांच्या वेलात बुलबुलांनी घरटं केलं होतं आणि ती मोठी काळी छत्री वाऱ्यानं फडफडली की पाखरं घाबरून उडायची. पिल्लं उडून गेल्यावर त्यांनी छत्री परत जागेवर ठेवली. इतकं सरळ. त्यांच्या बाजूनं बघितलं तर प्रत्येक गोष्टीला कारण होतं, एकाला एक जोडलेलं, यंत्राच्या दात्यांसारखं. जिन्यावरून बघितलं तर मात्र एक म्हातारा होत चाललेला माणूस उगाच उठतो, उगाच छत्री काढतो, उगाच ठेवतो. राहता राहिली स्कूटर. तिथं ते अडकले. फाटकाला कुलूप लावून झाल्यावर बंद स्कूटरवर आपण बसतो खरं. हँडलवर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत. का बसतो? त्यांना उत्तर सापडेना, आणि ते सापडत नाही याची गंमत वाटून खांबापाशी उभ्या उभ्या त्यांना हसू फुटलं.

आईच्या तोंडी हा शब्द आजाराच्या नावासारखा यायचा. सकवारबाई कधी रागानं बोलायच्या नाहीत. “यांना लहर आली,” म्हणायच्या, ताप आला म्हणावं तसं, आणि पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडं आलेलं, कन्नडात बाजार आणि मराठीत भांडण करणारं, चारचौघांत ताठ राहण्याची फार सवय असलेलं. त्यात अप्पासाहेब असे. छावणीतल्या एका शिंप्याच्या दुकानात साहेबलोकांचे कोट बेतायचे. हात सोन्याचा, पण आज कामावर गेलेला माणूस आज घरी कुठल्या वाटेनं येईल ते सांगता यायचं नाही. एकदा मामाच्या लग्नाला सगळं घर होसकोट्याच्या बसमध्ये बसलं. अप्पांच्या डोक्याला जरीचा नवा फेटा. मध्येच कुठल्याशा तळ्यापाशी त्यांनी बस थांबवली, खाली उतरले आणि चला म्हणाले, तुम्ही पुढं व्हा. खिडकीतून गिरीराजनं मागं बघितलं तर ते बांधावर बसले होते, फेटा मांडीवर. मांडवात बायका आईला विचारत होत्या आणि आई हसून सांगत होती, लहरी आहेत. एकदा शाळेची पाटी आणायला गेले आणि हातगाडीभर लाल भोपळे घेऊन आले. महिनाभर घरात भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं सांबार, भोपळ्याच्या घाऱ्या. हे सगळं हसून सांगता येण्यासारखं होतं आणि गिरीराजराव कारखान्यात कधीमधी सांगतही असत. एक मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी गणिताचं बक्षीस होतं. अप्पा आले होते, इस्त्रीचा कोट घालून, पहिल्या रांगेत. नाव पुकारलं, गिरीराज मंचाच्या पायऱ्या चढला, आणि वर पोचून त्यानं समोर बघितलं तर अप्पा उठून चालले होते. दोन रांगांमधून त्यांची पाठ जाताना दिसली. टाळ्या वाजत होत्या. त्या संध्याकाळी आईनं काही विचारण्याआधीच मुलगा म्हणाला, “लहर आली त्यांना.” हा शब्द त्यानं पहिल्यांदाच मोठ्या माणसासारखा वापरला होता. पुढं लग्न ठरताना अंबुजाच्या वडिलांनी चौकशी केली, ‘मुलगा बापावर गेला नाही ना?’ आणि मध्यस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले होते, “छे! घड्याळ लावावं असा आहे.” ते ऐकून गिरीराजला वाटलं होतं, जिंकलो.

बस आली. दार त्यांच्यासमोर उघडलं, आतून रोजचे चेहरे सरकून जागा करू लागले. पाय उचलता उचलता त्यांच्या मनात एवढंच आलं, की अप्पांच्या जागी बसून बघितलं तर? तिकडूनही दाते दिसत असतील का? आणि अप्पा आता थकत चाललेत, दुसऱ्या रविवारी फळं-औषधं देण्याघेण्यात वेळ जातो. “तुम्ही व्हा पुढं,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “मी आज येत नाही. साहेबांना सांगा.” ड्रायव्हर त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. मागून कोणीतरी विचारलं, “अण्णा, अंगात बरं नाही का?” ते हात हलवून वळले आणि समोरच्या बाजूला जाऊन मार्केटची बस पकडली. बसल्यावर ध्यानात आलं की आपण आत्ता बोललो ती होसकोट्याच्या बसमधून उतरलेल्या माणसाची वाक्यं.

मार्केटजवळच्या कलासिपाळ्याच्या स्टँडवरून आनेकलची बस निघाली तेव्हा त्यांना खिडकी मिळाली होती. दुसऱ्या रविवारची बस वेगळी असते. तीत पिशव्या असतात, सासरी-माहेरी निघालेल्या बायका असतात, आणि ते स्वतः मनात औषधांची उजळणी करत असतात. आज हातात फक्त जेवणाचा डबा. बन्नेरघट्टा मागं पडलं, मग जिगणीकडं नव्या कारखान्यांच्या भिंती, मग कापलेल्या नाचणीची तपकिरी शेतं. आई गेल्यावर अप्पांनी एका सकाळी ट्रंक उचलली होती आणि आनेकलला विणकरांच्या गल्लीत खोली घेऊन राहिले. तेव्हाही सगळे एकच शब्द बोलले. गिरीराजरावांनी तेव्हा विचारलं नव्हतं, कारण लहरी माणसाला कारण विचारत नाहीत, जसं कोणी पावसाला विचारत नाही. तो शब्द वापरायची सोय ती हीच, असं त्यांना बसच्या हादऱ्यांत डोकं टेकून बसल्या बसल्या वाटलं. एकदा म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. त्यांना जरा वाईट वाटलं, पण ऊन मांडीवर पडलं होतं, कामाच्या वेळी कामावर नसण्याचा एक शाळकरी आनंद अंगभर होता, आणि वाईट वाटणं त्यात फार वेळ टिकलं नाही.

अप्पा ओट्यावर उन्हात बसले होते. समोर पाण्यानं भरलेलं पातेलं, त्यात भिजलेले पावट्याचे दाणे. ते एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढत होते. आतल्या घरात मागाची खटाखट चालू होती. मुलाला बघताच त्यांचा हात थांबला.

“कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं, अप्पा.”

“मग आज रविवार?”

“बुधवार.”

“कारखाना बंद पडला की काय?”

“चालू आहे. मीच गेलो नाही.” गिरीराजरावांनी चपला काढल्या. “मनात आलं, आलो.”

अप्पांनी त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. वर्षानुवर्षं ज्याचं माप माहीत आहे असं गिऱ्हाईक एकाएकी अंगानं भरलेलं दिसावं तसे ते बघत होते. मग “सरी, बरं,” म्हणाले आणि पातेलं दोघांच्या मध्ये सरकवलं. “स्वल्प हात लाव.”

दाणा दाबला की साल हातात राहते आणि आतली हिरवी डाळिंबी टुणकन उडते. थोडा वेळ दोघं नुसते तेच करत राहिले. विचारायचं कसं हे गिरीराजरावांनी बसमध्ये अनेक प्रकारे ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते सरळच. “अप्पा, शंभूराजमामाच्या लग्नाला जाताना तुम्ही मध्येच बसमधून का उतरलात?”

“होसकोट्याला?” अप्पा क्षणभर आठवत राहिले. “उलटी येत होती रे. डिझेलचा वास मला सोसत नाही. कधीच सोसला नाही.”

“मग आईला सांगायचं!”

“तिचे भाऊ बसले होते ना शेजारी. जरीचा फेटा बांधलेला जावई बसमध्ये ओकतो, हे सांगू? त्यापेक्षा उतरलो. लहरी म्हणाले. बरंच झालं. त्या शब्दाला निदान जरा रुबाब आहे.”

गिरीराजराव हसले, आणि हसता हसता त्यांना तळ्याचा बांध दिसला. या वेळी फेटा मांडीवर घेतलेला माणूस घामानं डबडबलेला, डोळे मिटून श्वास घेणारा. “आणि भोपळे?”

“कुठले भोपळे?”

“हातगाडीभर आणले होते. पाटी आणायला गेलात तेव्हा.”

“ते होय!” अप्पांचा चेहरा उजळला. “छान होते रे ते. काय रंग होता! एक घ्यावा म्हणून वाकलो, तर सगळेच छान. त्यातला एक निवडणार कसा?”

“म्हणजे कारण काही नव्हतं.”

“हेच कारण.”

मागाची खटाखट मध्येच थांबली, कोणीतरी कन्नडात हाक मारली, पुन्हा चालू झाली. गिरीराजरावांच्या बोटांना पावट्याचा वास लागला होता. पुढचा प्रश्न तेवढा उरला होता आणि त्यांना जाणवलं की उत्तर भोपळ्यासारखं निघालं तर चालेल, उलटीसारखं निघालं तर चालेल, पण ‘कुठलं बक्षीस?’ असं निघालं तर ते चालणार नाही. त्या भीतीनं ते उठून पाणी पिऊन आले. मग बसले.

“गणिताचं बक्षीस मिळालं होतं मला. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. नाव घेतल्यावर उठून गेलात.”

“गेलो नाही. खिडकीशी गेलो,” अप्पा लगेच म्हणाले, जसं काही ती कालची गोष्ट होती. “तो कोण पाहुणा आला होता, म्हशीएवढा, तो बक्षीस द्यायला पुढं येऊन उभा राहिला. पहिल्या रांगेतून मला त्याची नुसती पाठ दिसत होती. कोटही वाईट शिवलेला, खांद्यात चुण्या. म्हटलं, पोराचं तोंड दिसायला नको? बाजूला खिडकी होती, तिथं धावलो. तिथून बघितलं की सगळं.”

“काय बघितलंत?”

“तू डावा हात पुढं केलास. मग चटकन उजवा केलास. पुस्तक पडता पडता राहिलं.”

हे त्या पाहुण्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, इतकी लाज वाटली होती. गिरीराजराव पातेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिले. साली तरंगत होत्या. “मग मला सांगितलं का नाहीत?” त्यांचा आवाज चढला, त्यांच्याही नकळत. “इतकी वर्षं! एका वाक्याचं काम होतं.”

“मला काय ठाऊक तुला दिसलं नाही ते? मी खिडकीतून हातही केला होता.” अप्पा गोंधळून म्हणाले. “तू घरी येऊन गप्प बसलास. म्हटलं, दमला असेल. बक्षीस मिळवून माणूस दमतो. आणि तू कधी विचारलं पण नाहीस.”

एवढं मोठं काहीतरी आपण रिकाम्या खुर्चीवर उभारलं, ही भावना राग होऊन बाहेर येईल असं वाटलं, पण आली नाही. उभारलेलं काही पडलंही नाही. घर तसंच होतं, अंबुजा होती, नीट गेलेली वर्षं होती. फक्त त्याच्या पायाशी भीती आहे असं वाटत होतं, तिथं खिडकीत उभा राहून हात हलवणारा एक माणूस निघाला होता. गिरीराजरावांना एकदम कडकडून भूक लागली. त्यांनी डबा उघडला. चपात्या, वांग्याची भाजी, लिंबाचं लोणचं. अप्पांनी आतून ताक आणलं, घरमालकिणीनं नाचणीच्या मुद्द्याचा गरम गोळा आणि आमटीसारखं सारू दिलं, आणि दोघं ओट्यावरच जेवले. जेवताना अप्पा म्हणाले, इथं का आलो माहीत आहे का, मागाचा आवाज आवडतो. तुझ्या आईचं शिवणयंत्र असंच चालायचं, झोप चांगली लागते. कोणी विचारलं नव्हतं. गिरीराजरावांनी मान हलवली आणि ताक ओतून घेतलं.

“अप्पा,” हात धुताना ते म्हणाले, “मी रोज संध्याकाळी बंद स्कूटरवर बसतो. का ते मला समजत नाही.”

“बसल्यावर बरं वाटतं का?”

“वाटतं.”

“मग झालं की.”

दुपारी कोपऱ्यावरच्या बूथवरून त्यांनी घरी फोन लावला. “कुठून बोलताय?” अंबुजा घाबरून ओरडली. “कारखान्यातून दोनदा फोन आला! मला तर काही सुचेना.”

“आनेकलला आहे.”

“मामंजींना काही झालं?”

“ठीक आहेत. पावटे सोलले, जेवलो.”

“मग तुम्ही असे अचानक का गेलात?”

सांगण्यासारखं कारण अगदी सरळ होतं, आणि टेलिफोनवर ते अजिबात सांगता येण्यासारखं नव्हतं. “एक विचारायचं राहिलं होतं. आलो की सगळं सांगतो, पहिल्यापासून. आणि त्या वरच्या पोरांना सांग, कुंड्या ठेवा म्हणावं.”

“केव्हा येणार?”

“बघू.”

पलीकडं अंबुजा हसली. लग्न झाल्या वर्षी हसायची तसं, नाकातून. “बरं बाई,” ती म्हणाली. “बघा.”

उन्हं कलल्यावर बापलेक गावाबाहेर फिरायला निघाले. अप्पा पुढं, गिरीराजराव दोन पावलं मागं. रस्ता शेतातून जाणारा, दोन्ही बाजूंना नाचणीच्या काडांचे भारे रचलेले. अप्पा तुतीच्या झाडांबद्दल काहीतरी सांगत होते, आणि सांगता सांगता, वाक्य अर्ध्यावर असताना, रस्त्याच्या मधोमध थांबले. पुढं ना मागं. लांबून एक बैलगाडी येत होती. गिरीराजराव जवळ गेले.

“काय झालं, अप्पा?”

“काही नाही रे. चपलेत खडा गेला.”

त्यांनी खांदा पुढं केला. अप्पांनी त्यावर हात टेकला, सगळा भार टाकला, आणि एका पायावर उभे राहून सावकाश चप्पल झटकू लागले.